सिएरा नेवाडात पाठीवर बिऱ्हाड घेऊन फ्लाय फिशिंगला जायचं आहे, नियोजन कसं करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ऑगस्टच्या शेवटी पाच दिवस मोकळे आहेत, दोघे मित्र आहात, सह्याद्रीत भरपूर ट्रेक झालेत, आणि मासेमारीचा अनुभव म्हणजे लहानपणी मामाच्या गावी गांडूळ लावून गरवणं. सिएरात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या या डोंगररांगेत, पंचेचाळीस मैलांचा लूप (फिरून सुरुवातीच्या जागीच येणारी वाट) आखलाय आणि 'वाटेत तळी लागतील तिथे फ्लायने, म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या माशीने, मासे धरू' असा बेत आहे.

तो लूप आधी रद्द करा.

मीही पहिल्या खेपेला हेच केलं होतं. चार दिवसांत चाळीस मैल चाललो. गळ पाण्यात होता तो सगळा मिळून दोनेक तास, आणि तेही भर दुपारी, वारा सुटलेला असताना. ट्राउट, म्हणजे या थंड पाण्यातला मासा, सकाळी आणि संध्याकाळी खायला काठाशी येतो. नेमक्या त्याच वेळी लूपवाला माणूस तंबू गुंडाळत असतो किंवा पुढचा मुक्काम गाठायला धावत असतो. मासे धरायचे असतील तर एका दिवसात तळ्यावर पोहोचा, तिथेच तीन रात्री राहा आणि हलक्या पिशवीने आजूबाजूची तळी फिरा.

अशा बेतासाठी मी डोळे झाकून कॉटनवुड लेक्स सांगेन. लोन पाइन गावातून हॉर्सशू मेडोजचा रस्ता वर चढतो. गाव साधारण ३,७०० फुटांवर आणि रस्त्याचं टोक जवळजवळ १०,००० फुटांवर. तिथून पाच-सहा मैल चाललं की ११,००० फुटांच्या आसपास तळ्यांचा पुंजका लागतो. तळ्यांना चक्क एक ते सहा असे क्रमांक दिलेत. शेजारी लाँग लेक, हाय लेक, साउथ फोर्क लेक्स आहेत. चढ सौम्य आहे, पण त्याने फसू नका. कळसूबाई ५,४०० फूट. तुम्ही गाडीतून उतराल तेव्हाच जवळपास दुप्पट उंचीवर असाल. म्हणून पहिली रात्र वर हॉर्सशू मेडोजच्याच कॅम्पग्राउंडवर काढा, भरपूर पाणी प्या, त्या रात्री बिअर नको. डोकं दुखून मळमळायला लागलं आणि विश्रांती घेऊनही कमी होत नसेल तर खाली उतरा. ट्रेकचा कितीही अनुभव असला तरी उंची त्याला जुमानत नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, मला नाही.

इथला मासा म्हणजे गोल्डन ट्राउट. कॅलिफोर्नियाचा राज्यमासा, १९४७ पासून. पोट सोनेरी-केशरी, कुशीवर लाल पट्टा, आणि मोठेपणीही अंगावर पिल्लांसारखे गोल डाग. बहुतेक सात-आठ इंचांचे मिळतात, फुटाचा मिळाला तर घरी फोन करून सांगण्यासारखी गोष्ट. मूळचा तो केर्न नदीच्या पठारावरचा. १८७६ मध्ये थोडे मासे उचलून कॉटनवुड क्रीकमध्ये सोडले, आणि ते कॉफीच्या किटलीतून नेले असं सांगतात. तिथून पुढे तळ्यांत.

ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाहीये. सिएरातली बहुतेक उंचावरची तळी मुळात मासे नसलेलीच होती. धबधब्यांमुळे मासा तिथवर चढूच शकत नव्हता. माणसांनी आधी खेचरांवरून आणि नंतर विमानातून मासे नेऊन टाकले. त्या माशांनी तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांची पिल्लं खाल्ली. ते बेडूक २०१४ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहेत, आणि आता काही तळ्यांतले ट्राउट मुद्दाम काढून टाकताहेत, विशेषतः सेक्वोया-किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कच्या हद्दीत. त्यामुळे जुन्या गाइडबुकात 'इथे उत्तम मासे' लिहिलेलं तळं आज पूर्ण रिकामं असू शकतं. दुसरीकडे जायचं ठरवलंत तर तळं नक्की करण्याआधी हे तपासा. बारा मैल चालून रिकाम्या पाण्यात दोरी भिजवणं फार वाईट.

मासेमारीचं लायसन्स सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतं, म्हणजे दोघांना वेगवेगळं. राज्याबाहेरच्यांना एक, दोन किंवा दहा दिवसांचं मिळतं. कॉटनवुडच्या एक ते चार क्रमांकाच्या तळ्यांना वेगळे नियम आहेत: खरं आमिष चालत नाही, जिवंतही नाही आणि मेलेलंही नाही, गळाला उलटा दात नको, आणि मासा सोडून द्यायचा. बाकीच्या तळ्यांचे नियम वेगळे. निघण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून घ्या, वर रेंज नाही. गळाचा तो उलटा दात मोडायला छोटा चिमटा पुरतो, एकदा दाबला की झालं. मासा सोडताना आधी हात ओले करा, त्याला पाण्यातच धरा, फोटोसाठी खडकावर झोपवू नका.

सामानाबद्दल लोक दुकानात जाऊन वेडे होतात. चार तुकड्यांचा ४-वेट (हलक्या दोरीसाठीचा) रॉड, साधं रील, तरंगणारी लाइन म्हणजे फेकायची जाड दोरी, तिच्या टोकाला बांधायचा नऊ फुटी बारीक लीडर, त्याहून बारीक ५एक्स टिपेटची एक गुंडाळी आणि एक डबी फ्लाय, सगळं मिळून पाऊण किलोच्या आत. पाण्यात उतरायचे वेडर्स घरी ठेवा. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. पॅराशूट अॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, काळी मुंगी आणि पाण्याखाली बुडणारा झेब्रा मिज, गळाच्या चौदा ते अठरा नंबरात प्रत्येकी तीन-चार. बस. तेन्कारा नावाची बिनरीलची जपानी काठी ओढ्यावर फार मजा देते, पण तळ्यावर वारा आला की तिची दोरी कुठेही जाते.

खरी अडचण रॉडची नाही, हाताची आहे. गरवताना आपण वजन फेकतो, इथे दोरीच फेकायची असते. तीन आठवडे रोज वीस मिनिटं बागेत गवतावर सराव करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. नाहीतर माझ्यासारखा पहिला दिवस मागच्या फॉक्सटेल पाइनच्या फांद्यांतून फ्लाय सोडवण्यात जाईल. आणि तीन आठवड्यांनी जमलंच नाही तर लाज न बाळगता साधा स्पिनिंग रॉड घ्या, पाणी भरायचा पारदर्शक प्लास्टिकचा बबल लावा आणि त्यामागे चार-पाच फुटांवर तीच फ्लाय बांधा. शुद्धतावादी नाक मुरडतील, माशाला फरक पडत नाही.

तळ्यावर पोहोचल्यावर लगेच दोरी टाकू नका. काठापासून दहा फूट मागे, वाकून उभे राहा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, मासे काठालगत गस्त घालत फिरताना दिसतात, आणि त्यांनाही तुम्ही दिसता. फिकट उथळ पाणी जिथे एकदम गडद होतं ती कड, ओढा तळ्यात शिरतो ती जागा आणि बाहेर पडतो ती जागा, एवढं फिरलात तरी पुरे. फ्लाय माशाच्या अंगावर नाही, तो जाणार त्या वाटेवर पुढे टाकायची. दुपारी ढग जमून गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवायचा आणि मोकळ्या काठावरून हटायचं. ग्रॅफाइटचा रॉड म्हणजे हातात धरलेला विजेचा खांब.

जेवणावर थोडं जास्त लिहितो, कारण इथे मी तोंडावर पडलोय. ११,००० फुटांवर पाणी ८९ अंशांच्या आसपास उकळतं. मी हौसेने तूरडाळ नेली होती. पाऊण तास गॅस जाळून दाताखाली कचकच लागेल अशी डाळ खाल्ली. आता नेतो ते म्हणजे भाजून तिखट-मीठ घातलेला रवा, दडपे पोहे, इन्स्टंट भातावर मेतकूट-तूप, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. सगळं अस्वलाच्या डब्यात बसलं पाहिजे. बेअर कॅनिस्टर नावाचा हा किलोभर वजनाचा टणक डबा सक्तीचा धरूनच चाला, आणि त्यात फक्त खाणं नाही, टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसुद्धा जातं. हिंगाची पुडी तर आधी. डबा मावत नाही म्हणून बायकोने चिवड्याचा चुरा करून ठासला होता, ती युक्ती उत्तम. तळ्यांच्या परिसरात शेकोटी पेटवता येत नाही, गॅसच्या शेगडीलाही कॅलिफोर्नियाचा फुकट मिळणारा कॅम्पफायर परवाना लागतो. तंबू पाण्यापासून निदान शंभर फूट लांब.

ऑगस्टअखेर निवडलीत हे बरं केलंत. जुलैत तिथले डास माणसाला उचलून नेतात. रात्री मात्र पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते, सह्याद्रीतली स्लीपिंग बॅग नेऊ नका. चौथ्या दिवशी पाय शिवशिवलेच तर न्यू आर्मी पासवर, १२,३०० फुटांवर, जाऊन या आणि संध्याकाळच्या माशांना परत या.

आता परवाना, कारण तोच नाही मिळाला तर वरचं सगळं फुकट. रात्री मुक्काम करायचा तर इन्यो नॅशनल फॉरेस्टचा वाइल्डरनेस परमिट लागतो आणि त्यावर कोणत्या वाटेने कोणत्या तारखेला आत शिरणार हे लिहिलेलं असतं. ६० टक्के जागा सहा महिने आधी सुटतात, त्या तुमच्या हातून गेल्या असतील. उरलेल्या ४० टक्के बरोबर दोन आठवडे आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला, रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर उघडतात. शुक्रवार-शनिवारची तारीख मागू नका, सोमवार किंवा मंगळवार धरा. आणि पावणेसातलाच लॉगिन करून बसा, दोघांनीही, आपापल्या लॅपटॉपवर.