पॉवर केबल घरीच बनवा भाऊ, पण घुम्म आवाज तिच्यानं जाणार नाही

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर घेतला, मागं कॉम्प्युटरसारखं तीन पिनचं सॉकेट आहे, सोबत आलेली वायर बारीक आहे, चालू केलं की स्पीकरमधून घुम्म आवाज येऊन राहिला, बाजूच्या वावरातली मोटर सुरू झाली की आवाज बसते, आणि दुकानदार म्हणून राहिला की आठ हजाराची पॉवर केबल लावा सगळं ठीक होते. तर ती घ्यायची का घरीच बनवायची. माझं सरळ सांगणं, घरीच बनवा, पाचशेच्या आसपास होते, मी माझ्यासाठी आणि गावातल्या चार-पाच जणांसाठी बनवून दिल्या आहेत. पण तुमच्या दोन्ही तक्रारी केबलच्या नाहीत, त्यांचं खाली सांगतो.

आधी हिशोब पाहा. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण २६ ओहम, १.५ चा साधारण १३. दोन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं, मग बारीक वायरीत ०.१ ओहम आणि जाडीत ०.०५. तुमचा अॅम्प जोरात वाजताना दोन अँपिअर ओढते असं धरलं तरी बारीक वायरीत ०.२ व्होल्ट पडते आणि जाडीत ०.१. म्हणजे फरक पडला एक दशांश व्होल्टचा. आणि आपल्या गावात लाईन सकाळी १९० असते अन् रात्री २४५, मग त्या एक दशांश व्होल्टसाठी आठ हजार काहून द्यायचे. डीपीपासून तुमच्या घरापर्यंत जी तार आली ती कोणीच बदलून देत नाही, शेवटचे दोन मीटर सोन्याचे केले तरी तेच.

मग घरची केबल काहून बनवायची? कारण घट्ट कनेक्शन, खरं तांबं आणि न तुटणारं अर्थिंग, या तीन गोष्टींसाठी. स्वस्त रेडीमेड कॉर्डमध्ये या तिन्ही मार खातात.

वायर घ्या तीन कोरची गोल फ्लेक्झिबल, १.५ स्क्वेअर एमएम, वर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ छापलेलं असलं पाहिजे. २.५ ची घेऊ नका, ती कडक असते, सी-१३ कनेक्टरच्या (अॅम्पच्या मागच्या सॉकेटात घुसणारं केबलचं टोक) पकडीत नीट बसत नाही आणि स्वतःच्या वजनानं मागून कनेक्टर ओढून ढिला करते. दुकानात टोक सोलून पाहा, एक तार ब्लेडनं खरडा, आत पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ठेवून द्या. प्लग टॉप १६ अँपिअरचा पितळी पिनांचा, पण तुमचं बोर्ड ६ चं असेल तर टॉपही ६ चाच घ्या, अॅडॉप्टर लावून काम चालवू नका. सी-१३ स्क्रूवाला, खोलता येणारा. आणि फेरूल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबायच्या छोट्या नळ्या, इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात भेटतात.

फेरूलवर मी थोडा जोर देतो. सुरुवातीला मी टोकांना सोल्डर मारून स्क्रूखाली घट्ट करायचो, मस्त दिसायचं. वर्षभरानं एका केबलचा टॉप गरम लागला, खोलला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि बाजूचं प्लास्टिक काळं. सोल्डर नरम असते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरते, मग पकड जाते, कनेक्शन तापते आणि तापलं की अजून ढिलं होते. तेव्हापासून सोल्डर बंद, फेरूल दाबायची नाहीतर नुसतं तांबं पिळून दुहेरी करून घालायचं, आणि दोन दिवसांनी लाईन काढून स्क्रू परत एकदा आवळायचा.

जोडताना टॉपवर आणि सी-१३ वर एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि अर्थची खूण असते, तीच पाहून जोडा, डावं-उजवं डोक्यानं ठरवू नका, समोरून आणि मागून पाहिलं की बाजू उलटते. अर्थची हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे कोणी केबल ओढली तर फेज आधी सुटते आणि अर्थ शेवटी. पकडीचा क्लँप बाहेरच्या जाड आवरणावर आला पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नाही. झालं की मल्टिमीटरच्या बझरवर एल ते एल, एन ते एन, अर्थ ते अर्थ वाजलं पाहिजे आणि आडवं कुठंच वाजायला नको. मग पहिल्यांदा लाईन देताना १०० वॉटचा जुना बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे फेजच्या वाटेत, लावायचा, कुठं शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटते आणि घरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अॅम्प वाचते. आपल्या प्लगच्या आत फ्यूज नसतो हे ध्यानात ठेवा, म्हणून त्या बोर्डाच्या मागं ६ अँपिअरचा एमसीबी असलाच पाहिजे.

आता घुम्म आवाज. टीव्हीला डिश लावली असेल आणि टीव्हीचा आवाज अॅम्पवर घेतला असेल, तर सेट टॉप बॉक्सच्या मागची डिशची वायर काढून पाहा. घुम्म बंद झालं तर हा ग्राउंड लूप आहे, अर्थ दोन रस्त्यांनी येऊन राहिलं. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचा अॅम्पला चालणारा आवाज करणारा डबा) मध्ये घ्या, उजेडाच्या वायरीत तांबंच नसते, लूप तुटते. पण घुम्म जाते म्हणून टॉपची वरची जाड, अर्थची पिन काढणारे लोक मी पाहिले, ते कधीच करू नका, अॅम्पच्या आत फेज बॉडीला लागला तर घरातलं लेकरू हात लावते.

डिश काढूनही घुम्म तसंच राहिलं तर अर्थिंग पाहा. आपली काळी माती मे महिन्यात इतकी भेगाळते की पाईपाला चिकटून ओल राहतच नाही. माझ्याकडं अॅम्पच्या बॉडीला हात लागला की मुंग्या यायच्या, वायरमनकडून मोजून घेतलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्ट. खड्डा उकरला तर वायर पाईपाशी मिठानं खाऊन टाकलेली. नवीन पाईप, कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी, तेव्हापासून ते दोन व्होल्टच्या आत आहे आणि मुंग्या गेल्या. त्यातच घुम्मही जवळपास गेलं.

मोटर सुरू झाली की आवाज बसते ते लाईनचं दुखणं आहे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट ओढते, व्होल्टेज तेवढ्या वेळापुरतं खाली जाते, त्याला कोणतीच केबल काही करू शकत नाही. वाचलेल्या पैशातून चांगला स्टॅबिलायझर घ्या, अॅम्पच्या मागं लिहिलेल्या वॉटपेक्षा दीडपट क्षमतेचा. त्याच्या रिलेची टकटक येते म्हणून तो स्पीकरपासून थोडा लांब ठेवा.

एवढं करा आणि मला तीन आकडे सांगा, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, मोटर बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. मोजायचं तुम्हाला जमत नसेल तर वायरमनलाच बोलवा, उघड्या बोर्डात एकट्यानं मीटर घालू नका. आणि डिशची वायर काढल्यावर घुम्म कमी झालं का नाही, तेही सोबत लिहा.