द्युपाँ भित्रा नव्हता, पण वेदेलचं काय?

नेपोलियनचा जनरल द्युपाँ भित्रा होता म्हणून 1808 मध्ये स्पेनमधल्या बायलेनला स्पॅनिश फौजेला शरण गेला का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. भित्रेपणाचा शिक्का नेपोलियनने मारला आणि तोच अजून चालतोय.

1805 मध्ये उल्मजवळ हास्लाखला याच माणसाकडे जेमतेम 5-6 हजार सैनिक होते आणि समोर 25 हजारांच्या आसपास ऑस्ट्रियन, अशा वेळी कोणीही मागे फिरलं असतं पण हा उलट चालून गेला, म्हणजे समोरच्याला वाटावं की मागे अख्खी फौज येतेय. पुढच्याच महिन्यात ड्युर्नश्टाइनला अडकलेल्या मार्शल मोर्तिएला यानेच वाचवलं. 1807 ला रशियाविरुद्ध फ्रीडलंडला मार्शल ने याच्या तुकड्या मागे रेटल्या जात होत्या तेव्हाही द्युपाँची डिव्हिजनच पुढे झाली. आता मार्शलपद मिळणार असं सगळे धरून चालले होते.

आणि नंतर त्याला स्पेनमध्ये पाठवलं ते कोणाला घेऊन, तर बहुतेक नवीन भरतीची पोरं. ज्या जुन्या शिपायांच्या जोरावर त्याने हे सगळं केलं होतं ते जर्मनीतच राहिले. स्पेन म्हणजे नुसतं फिरून यायचंय असाच नेपोलियनचा हिशोब होता, आणि ही चूक त्याची स्वतःची.

पण द्युपाँला मी पूर्ण सोडत नाही. 1808 च्या जूनमध्ये कोर्दोबा घेतल्यावर त्याच्या सैन्याने शहर लुटलं आणि आधीच उठलेला आंदालुसिया, म्हणजे स्पेनचा दक्षिण भाग, आणखी पेटला. मग आंदुहार गावी मागे येऊन तो महिनाभर बसून राहिला. 18 जुलैच्या रात्री निघाला तेव्हा बरोबर आजारी सैनिकांच्या आणि लुटीच्या शेकडो गाड्या, त्यामुळे फौज मैलोन्‌मैल लांबली, आणि सकाळी बायलेनला स्पॅनिश जनरल रेडिंग वाट अडवून उभा. सगळे एकदम भिडायचं सोडून जसजशी तुकडी येईल तसतशी ती पुढे ढकलली, प्रत्येक वेळी मार खाल्ला. वर जुलैचं ऊन, पाणी नाही, त्याचे स्विस सैनिक रेडिंगकडे निघून गेले, स्वतः द्युपाँ जखमी. इथे त्याने लढाई थांबवली त्यात मला भित्रेपणा दिसत नाही.

खरा गुन्हा नंतरचा. त्याच्या हाताखालचा वेदेल, तोफा ऐकूनही फार उशिरा आलेला, पण त्याची डिव्हिजन शाबूत होती आणि डोंगराकडे निसटत होती. स्पॅनिशांनी धमकावलं तेव्हा द्युपाँनेच हुकूम पाठवून तिला परत बोलावलं आणि तहात घातलं! अशी सुमारे 18 हजार माणसं कैदेत गेली, आणि स्पेनचा राजा म्हणून नुकताच आलेला नेपोलियनचा भाऊ जोसेफ माद्रिद सोडून पळाला.

तहात सैनिकांना फ्रान्सला पोचवायचं ठरलं होतं, स्पॅनिशांनी ते पाळलं नाही. द्युपाँ आणि बडे अधिकारी तेवढे घरी गेले, साधे शिपाई आधी कादिझच्या बंदरात तुरुंग केलेल्या जहाजांवर, नंतर हजारोंनी काब्रेरा या ओसाड बेटावर, तिथे उपासमारीने हजारो मेले.

1812 ला नेपोलियनने त्याचा हुद्दा, पदव्या काढून कैदेत टाकलं. दोन वर्षांत नेपोलियनच पडला आणि एप्रिल 1814 मध्ये हा थेट युद्धमंत्री! तिथेही फार टिकला नाही, डिसेंबरात त्याच्या जागी मार्शल सूल्त आला. पण काब्रेरावर जे उरले होते ते सुटले 1814 च्या मे महिन्यात, म्हणजे ते फ्रान्सला परतले तेव्हा युद्धखातं द्युपाँकडेच होतं. त्यातले वेदेलच्या डिव्हिजनचे जे कोणी असतील, त्यांना तो कैदेत घालणारा हुकूम त्यानेच पाठवला होता, आणि हे मला त्याला माफ करता येत नाही.