पेप्टाइड पावडरचा डबा घेण्याआधी जरा थांब

अरे सप्लिमेंटमध्ये नवीन आहेस म्हणून सांगतो, मीपण सुरुवातीला लेबलवर बायोअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे शरीरावर परिणाम करणारं, असं वाचलं की लगेच घ्यायचो आणि अर्धा डबा कपाटात दगड होऊन पडायचा. आधी एवढं समजून घे, की पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, साधारण 2 ते 20 अमिनो आम्लांचा, आणि तो अख्ख्या प्रोटीनमध्ये गप्प बसलेला असतो, पचताना किंवा आंबवताना सुटा झाला की मगच काम करतो. म्हणजे दूध, अंडी, मासे, सोयाबीन खातोस तेव्हा ही कापाकापी तुझ्या पोटात फुकटात चालूच असते!

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो दुधाच्या केसीन या प्रोटीनमधल्या व्हीपीपी आणि आयपीपी या दोन पेप्टाइडचा, फक्त 3-3 अमिनो आम्लं, पण रक्तवाहिन्या आवळणारं जे एसीई एन्झाइम आहे त्याला अडवतात, बीपीच्या काही गोळ्याही तिथेच काम करतात. पण टेस्टट्यूबमध्ये अडवलं म्हणजे माणसात बीपी उतरलंच असं नाही, बरेच पेप्टाइड रक्तात पोचायच्या आधीच तुटतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये या जोडीचा बीपीचा दावा पुराव्याअभावी नाकारला. त्यामुळे गोळी बंद करून पावडर सुरू, हा शहाणपणा करू नकोस.

आणि दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रोटीन आधीच तोडलेलं, असं लिहिलंय म्हणून बिनधास्त पिऊ नको, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार.