घसरलेलं रेटिंग परत वर येतं का? मी १९९२ साली फोनवर ऐकलेलं उत्तर

तुमचा प्रश्न असा : ‘अमेरिकेचा अध्यक्ष एकदा लोकांच्या मनातून उतरला की त्याचं अप्रूव्हल रेटिंग, म्हणजे त्याचं काम पसंत आहे म्हणणाऱ्यांची टक्केवारी, पुन्हा वर येऊ शकतं का? आणि हे आकडे बनवलेलेच असतात ना?’

पहिल्याचं उत्तर : येऊ शकतं. रेगन आणि क्लिंटन या दोघांनी ते करून दाखवलंय. दुसऱ्या वाक्यासाठी मात्र मी हे सगळं लिहायला बसलोय, कारण तेच वाक्य मी चाळीस माणसांसमोर ऐकून घेतलंय.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून ओहायोतल्या एका विद्यापीठात एम.एस.ला आलो. परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता यायचं. मला ते मिळालं विद्यापीठाच्या सर्व्हे केंद्रात. संध्याकाळी पाच ते नऊ, कानाला हेडफोन, समोर हिरव्या अक्षरांचा पडदा. प्रश्न पडद्यावर जसा असेल तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. समोरच्याला कळला नाही तर समजावून सांगायचं नाही, तोच प्रश्न पुन्हा तसाच वाचायचा. उत्तर ऐकून ‘हं’सुद्धा म्हणायचं नाही, कारण त्या ‘हं’वरून माणूस पुढचं उत्तर बदलतो. फोन उचलेल त्याच्याशीच बोलायचं असंही नव्हतं. घरातल्या अठरा वर्षांवरच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला असेल, त्याला बोलवायला सांगायचं. सुपरवायझर बाई कुणाच्याही लाइनवर कधीही येऊन ऐकायच्या, आपल्याला पत्ता लागायचा नाही.

आमच्या एका अभ्यासात त्याच घरांना काही महिन्यांनी पुन्हा फोन जायचा. त्यात एक बाई मला दोन्ही वेळा मिळाल्या. नाव-गाव तेव्हाही सांगायचं नव्हतं, आजही सांगणार नाही.

सप्टेंबर १९९१. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश. त्यांचा गॅलप या जनमत पाहणी संस्थेचा आकडा आखाती युद्ध संपताना ८९ टक्क्यांवर गेला होता, तो उतरत होता, तरी साठीच्या वरच होता. ‘अध्यक्ष आपलं काम ज्या रीतीने करताहेत ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत?’ बाई लगेच म्हणाल्या, पसंत. भाचा सौदीतून धडधाकट परत आला होता.

जून १९९२. तोच प्रश्न. बाई थांबल्या. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. नियमाप्रमाणे मी प्रश्न पुन्हा वाचला. त्या म्हणाल्या, माणूस चांगला आहे, आमच्या पोराला त्याने लवकर घरी आणलं, ते मी विसरणार नाही. पण तुम्ही त्याचं काम कसं चाललंय ते विचारताय ना? नवऱ्याला फेब्रुवारीत कारखान्यातून काढलंय, नोकरीबरोबर आमचा आरोग्य विमाही गेला. नापसंत लिहा.

मी ते लिहिलं. लिहिण्याआधी, उत्तर नीट ऐकू आलं का याची खात्री करायला, प्रश्न आणखी एकदा वाचला. त्या म्हणाल्या, हो, नापसंत.

आता दाजींची गोष्ट. माझे दाजी १९७४ पासून क्लीव्हलंडला, मशीन डिझाइनमधले नावाजलेले इंजिनिअर. माझं तिकीट त्यांनीच काढलं होतं. ८९ टक्क्यांच्या वेळी ते म्हणाले होते की पुढची निवडणूक म्हणजे फक्त सही-शिक्क्याचं काम. पुढच्या उन्हाळ्यात तोच आकडा २९ वर आला. १९९२ च्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये पानं मांडली होती, ताई वरणभात वाढत होती, आणि दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, “दीड वर्षात शंभरातली साठ माणसं फिरतात होय रे? तुम्ही पोरं खोलीत बसून आकडे भरता आणि ताशी पाच डॉलर घेता.” सगळे माझ्याकडे बघत होते. त्या बाईंचं सांगता येत नव्हतं, आणि ताईसमोर दाजींना उलट बोलणं मला जमलं नाही. मी मान खाली घालून जेवलो.

दाजी, आणि तुम्हीही, नीट बघा. आकडा फिरला म्हणजे माणूस फिरला असं नाही. प्रश्न कामाबद्दलचा आहे, आणि तोही आजच्या कामाबद्दलचा. म्हणूनच तो खाली येतो आणि म्हणूनच वरही जातो. जानेवारी १९८३ मध्ये रेगन ३५ टक्क्यांवर होते, कारण महिनाभर आधी बेकारी १०.८ टक्के होती. लोकांना कामं परत मिळाली, आणि १९८४ मध्ये त्याच माणसाने ४९ राज्यं जिंकली. पुढे अमेरिकन ओलिसांच्या सुटकेसाठी इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण निघालं, आकडा महिनाभरात ६३ वरून ४७ वर आला. मार्च १९८७ मध्ये ते टीव्हीवर आले आणि म्हणाले की ओलिसांसाठी शस्त्रं दिली नाहीत असं मी तुम्हाला सांगितलं होतं, माझं मन अजून तेच म्हणतं, पण पुरावा तसं म्हणत नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीला आकडा पुन्हा ६३ होता. चूक कबूल केली की पत जाते, असं आपल्याकडच्या पुढाऱ्यांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं. ते साफ चूक आहे.

क्लिंटन जून १९९३ मध्ये ३७ वर होते. डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधीगृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला, त्याच आठवड्यात ते ७३ वर गेले. त्यांचं खासगी वागणं लोकांना आवडलं होतं असं अजिबात नाही. महिन्याचा पगार वेळेवर येत होता, आणि प्रश्न कामाचा होता.

याच्या उलट, युद्धाने किंवा हल्ल्याने वर गेलेला आकडा. ट्रुमन १९४५ मध्ये ८७, १९५२ मध्ये २२. धाकटे बुश ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ९०, ऑक्टोबर २००८ मध्ये २५. इराणमध्ये १९७९ साली अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली, त्यानंतर कार्टर यांना लोकांनी ५८ पर्यंत उचललं, ओलीस सुटेनात तेव्हा वर्षाच्या आत खाली ठेवलं. त्या उंचीवर यांच्यापैकी कुणीच परत गेला नाही, कारण ती उंची त्याच्या कामाची नव्हतीच, देशावरच्या प्रसंगाची होती. ट्रुमन मधल्या काळात ३३ च्या आसपास जाऊन पुन्हा साठीत आले आणि १९४८ ची निवडणूकही जिंकले, हे मात्र खरं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, हजारेक माणसांच्या पाहणीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होतातच, तेव्हा ४१ चे ४३ झाले की परतला म्हणू नका. दोन, मी सांगतोय ती उदाहरणं जुन्या अमेरिकेतली आहेत. आता विरोधी पक्षाचा मतदार पगार वाढला तरी ‘पसंत’ म्हणत नाही. ट्रम्प पहिल्या कारकिर्दीत गॅलपमध्ये ४९ च्या वर एकदाही गेले नाहीत. बायडन ५७ वर सुरू झाले, २०२१ च्या उन्हाळ्यात पन्नाशीखाली आले आणि पुन्हा पन्नाशी त्यांना दिसली नाही. त्यामुळे आज कुणी सत्तरीत परत जाईल असं मला वाटत नाही. पाच-दहा टक्क्यांची भर पडू शकते, आणि तीही किराणा आणि घरभाडं आवाक्यात आलं तर.

थोरल्या बुशचंही पुरतं सांगतो. ते नोव्हेंबरात ३७ टक्के मतं घेऊन हरले. मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, असं अर्थतज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं ते डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. आणि जानेवारीत ते जाता जाता गॅलपने विचारलं तेव्हा आकडा ५६ होता. हरलेल्या माणसाचा आकडा खोलीत बसून कोण कशाला वाढवेल?

दाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि ताई त्यांना मी लिहिलेलं वाचून दाखवते. दाजी, त्या बाईंचं ‘नापसंत’ मी भरलं नव्हतं. प्रश्न तीनदा वाचला होता, आणि ते उत्तर त्यांचं होतं.