"गुहेच्या काळात जन्मला असता तर नीट जमलं असतं ना त्याचं?"

ऑटिझम (लोकांशी संवाद साधण्याची, जग अनुभवण्याची वेगळी पद्धत) किंवा एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जाणं) डायग्नोसिस नुकतंच झालेल्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो, हे सगळं आधी कुठे होतं, आमच्या घरात तर कुणालाच नव्हतं, मग आताच का. आणि त्याच्या आत लपलेली भीती अशी की आमच्याच हातून काहीतरी चुकलं.

मागे एक बाबा आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आणि सोबत एडीएचडी. यांनी मात्र प्रश्न पार उलट्या बाजूने धरला होता. रात्र रात्र जागून वाचलेलं, प्रिंटआउटची जाड फाइल, आणि आल्या आल्या सुरू, मॅडम, फ्रान्समधल्या शोवे गुहेतली चित्रं छत्तीस हजार वर्षं जुनी, इतके बारकावे ऑटिस्टिक माणूसच टिपू शकतो, आणि एडीएचडीवाले तर मूळचे शिकारीच, म्हणजे माझ्या मुलात काही बिघाड नाहीये, तो फक्त चुकीच्या काळात जन्मलाय, बरोबर ना?

घाईने हो म्हणून त्यांना खूश करायचं नव्हतं आणि हे सगळं थोतांड आहे असंही नव्हतं, म्हणून फाइल उघडली आणि दोघांनी मिळून एकेक कागद बघितला.

चित्रांचं असं आहे की मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी 1998 मध्ये नादिया नावाच्या ऑटिस्टिक मुलीची चित्रं आणि गुहेतली चित्रं शेजारी ठेवून दाखवली होती, साम्य खरंच थक्क करणारं आहे. पण त्यांना म्हणायचं होतं ते वेगळंच, की इतकी सुंदर चित्रं काढणाऱ्याचं मन आपल्यासारखंच असेल असं धरून चालू नका. चित्रकार ऑटिस्टिक होते हे त्यातून सिद्ध होत नाही. एडीएचडीचा कागद जरा जास्त भरीव होता. केनियातल्या अरिआल लोकांवरचा 2008 चा अभ्यास, एडीएचडीशी जोडला गेलेला डीआरडी4 जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात होता ते भटकं जीवन जगणारे पुरुष अंगाने जास्त धडधाकट निघाले आणि एका जागी स्थायिक झालेल्यांमध्ये तोच प्रकार असलेले उलट थोडे कमी. म्हणजे परिस्थिती बदलली की तीच गोष्ट कधी फायद्याची कधी तोट्याची. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. तरी ही आजची माणसं आहेत, प्राचीन नाहीत, आणि एका जनुकावर एडीएचडी ठरत नाही.

मग त्यांनी विचारलं, हाडांमध्ये काही सापडत नाही का? नाही सापडत. मेंदू मातीत सहसा टिकत नाही आणि ऑटिझमची हाडावर खूण राहत नाही. डिस्लेक्सियाचं तर आणखी वेगळं, लिपीच जेमतेम पाच हजार वर्षांची, वाचायलाच नव्हतं तेव्हा वाचनाची अडचण दिसणार कुठून.

हाडांत दिसतं ते दुसरंच काहीतरी आणि तिथे मी मुद्दाम थांबले. स्पेनमधल्या कोवा नेग्रा गुहेतलं एका निअँडरथल (आता नामशेष झालेली मानवाची एक जात) मुलाचं कानाजवळचं हाड, 2024 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, त्यात डाऊन सिंड्रोमशी जुळणाऱ्या खुणा आहेत, ऐकू कमी येत असणार, तोल जात असणार, आणि तरी ते मूल किमान सहा वर्षं जगलं. इराकमधल्या शानिदर गुहेतला एक निअँडरथल पुरुष, चेहऱ्याला डाव्या डोळ्याजवळ जबर मार, उजवा हात निकामी, बहुधा बहिरा, आणि त्या काळाच्या मानाने तो म्हातारा होऊन गेला. कुणीतरी सोबत केली असणार, एकट्याने हे जमत नाही. कोवा नेग्रातलं ते मूल कळपाच्या काय कामाचं होतं? ह्याचा एकही पुरावा नाही.

बाबा गप्प झाले. मी विचारलं, उद्या नवीन संशोधन आलं आणि ही तुमची सगळी फाइल खोटी ठरली, तर मुलाबद्दलचं तुमचं मत बदलेल का? बराच वेळ गेला, मग म्हणाले, मी तो कामाचा आहे ह्याचेच पुरावे गोळा करतोय ना मॅडम. त्यानंतर बरंच रडले.

मुलाच्या आजीचा प्रश्न घरी तसाच होता, आमच्या वेळी नव्हतं हे असलं. त्याला उत्तर सोपं आहे. सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी 1925 च्या सुमाराला अशा मुलांची वर्णनं लिहिली, अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरचा पेपर 1943 चा, आणि ऑटिझम व एडीएचडी एकाच मुलाला दोन्ही लावायची परवानगी मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मॅन्युअलने (डीएसएम) 2013 मध्ये दिली. त्याआधी अशी माणसं घुमी, तऱ्हेवाईक, धांदरट म्हणून घराघरात होतीच. बाबांना लगेच त्यांचे काका आठवले, दिवसभर घड्याळं उघडून बसणारे, चार माणसं आली की मागच्या दाराने निघून जाणारे. गेलेल्या माणसाला डायग्नोसिस द्यायचं नाही हे मी स्पष्ट सांगितलं, पण आमच्यात कुणीच नव्हतं हे वाक्य त्या दिवशी गळून पडलं, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांमधून ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसतं हे कळल्यावर आपल्या वागण्यामुळे झालं ही टोचणीही सैल झाली.

पुढच्या भेटीत फाइल नव्हती, मुलाच्या दिवसाचं वेळापत्रक होतं, त्याला नेमका कुठे त्रास होतो ह्याच्या खुणा केलेल्या. त्यावरून शाळेसाठी पत्र तयार केलं, घंटेच्या वेळी कानावर हेडफोन चालावेत, तास सुरू असताना मध्ये एकदा उठून फिरायला मिळावं, परीक्षेला जास्तीचा वेळ मिळावा. पहिल्या दोन गोष्टी शाळेने मान्य केल्यात, वेळेबद्दल अजून बोलणं चालू आहे.