मनातलं विचारा : ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा का?

प्रश्न : नातू साडेचार वर्षांचा आहे. जेवताना मोबाइल काढून घेतला की आकांत करतो. सून रागावते, पण शेवटी देतेच. बालवाडीच्या बाई ‘ऋण प्रबलन’ म्हणाल्या. म्हणजे शिक्षाच ना?
– एक आजी, चोपडा

उत्तर : नाही, आजी. शिक्षेने वागणूक कमी होते, प्रबलनाने वाढते. ‘ऋण’ म्हणजे नकोशी गोष्ट दूर होणे. मोबाइल मिळाला की नातवाला हवे ते मिळते. हे धन प्रबलन. त्याच क्षणी सुनेच्या कानावरचा आकांत थांबतो. हे ऋण प्रबलन. म्हणजे नातू रडायला शिकतो आणि सून मोबाइल द्यायला. तिला दोष देऊ नका, थकलेले माणूस असेच वागते.

खरी गोची ‘कधी देणे, कधी न देणे’ यात आहे. अनियमित मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत दिसले.

जेवणाआधी घरातले सगळेच मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला रडणे वाढेल, तो टप्पा अपेक्षितच आहे. तेव्हाच हार मानली तर ‘आणखी जोरात रडावे लागते’ एवढेच तो शिकेल. रडताना जवळ बसा, पण वाद घालू नका. त्याने कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा जरी स्वतः मोडून खाल्ला, तर लगेच, नेमके त्याचेच कौतुक करा. ‘शहाणा बाळ’ एवढे पुरत नाही.

आणि आजोबांनाही सांगा. ओट्यावर गुपचूप दिलेला मोबाइलही मोजला जातो.