'गडद पुस्तकं' कानाला का खटकतात?

एका वाचनालयाची मांडणी नव्याने करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. इंग्रजीत 'डार्क अँड मिस्टीरियस' म्हणतात तशी पुस्तकं वेगळी काढून त्यांना लहान मुलं, शाळा-कॉलेजातली मुलं आणि मोठी माणसं अशा तीन फळ्यांवर लावायचं आहे. पाटीसाठी कुणीतरी 'गडद आणि रहस्यमय पुस्तके' असं सुचवलं. ते त्यांच्या कानाला खटकतंय, पण का खटकतंय ते सांगता येत नाही. जोडीला दोन उपप्रश्न: रहस्यकथा आणि गूढकथा एकच का? आणि 'भीतीदायक' बरोबर की 'भीतिदायक'?

ताई, तुमचा कान बरोबर आहे.

मराठीत गडद असतो तो रंग. गडद निळा, गडद हिरवा. अंधार गडद असतो, ढग गडद असतात, झोपसुद्धा गडद लागते. या सगळ्यांत समान धागा आहे तो दाटपणाचा. फिकं, विरळ याच्या उलट ते गडद. त्यामुळे 'गडद पुस्तक' असं वाचलं की मला मुखपृष्ठावरची शाई दिसते, आतली गोष्ट दिसत नाही. (सह्याद्रीच्या काही भागांत डोंगरातल्या कपारीला, गुहेला 'गडद' म्हणतात. तो अर्थ धरला तर 'गडदेतलं पुस्तक' फारच गूढ होईल, पण पाटी लिहिणाऱ्याच्या मनात तो नसणार.) शब्दकोशात 'डार्क'पुढे जो पहिला प्रतिशब्द सापडला तो उचलून लावला, एवढाच हा प्रकार.

मग 'काळी' म्हणावं का? काळा पैसा, काळा बाजार, काळे धंदे. मराठीत माणसाच्या व्यवहाराला काळा रंग लागला की तो बेकायदा होतो. 'काळी कादंबरी' म्हटलं तर लोक विचारतील, बंदी आहे का हिच्यावर? 'काळी जादू' चालते, कारण ती मुळातच कुणाच्या तरी वाईटावर असते.

कुणी संस्कृताळलेला माणूस म्हणेल, 'श्याम साहित्य' म्हणा. इथे गंमत आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एकेक रंग दिलेला आहे आणि तिथे श्याम हा रंग शृंगाराचा! भयानकाचा रंग कृष्ण, बीभत्साचा नील, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा राखाडी. म्हणजे परंपरेच्या हिशेबाने 'श्याम साहित्य' या फळीवर प्रेमकथा लावाव्या लागतील.

रंगावरून साहित्यप्रकाराला नाव पडतच नाही असं मात्र नाही. इटालियन भाषेत रहस्यकादंबरीला 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळी. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून अशा कादंबऱ्यांची माला पिवळ्या मुखपृष्ठांत काढली आणि मुखपृष्ठाचा रंग हेच प्रकाराचं नाव होऊन बसलं. फ्रेंचांकडे १९४५मध्ये 'सेरी नुआर', म्हणजे काळी माला, सुरू झाली. पण ही नावं आधी वाचकांच्या हातात रुळली आणि मग शब्द झाली. आपण इटालियन वाट धरून 'पिवळी पुस्तकं' अशी पाटी लावली तर काय होईल हे मोठ्यांच्या फळीपुरतं तरी मी सांगायला नको. नाट्यशास्त्रात पिवळा रंग अद्भुताला दिलेला आहे, म्हणजे भरतमुनींना इटालियन पाटी आपल्यापेक्षा लवकर पटली असती.

मराठीने अशा पुस्तकांना नावं देताना रंगाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते वाचणाऱ्याचं काय होतं याकडे. भय वाटलं तर भयकथा. अंग थरारलं तर थरारकथा. पूर्वी नवल वाटायचं तेव्हा अद्भुतकथा. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांचं मराठी केलं, तेव्हा नावात विशेषणांची जोडी आली ती 'सुरस व चमत्कारिक' अशी. त्या वेळी चमत्कारिक म्हणजे चमत्काराने भरलेलं, थक्क करणारं. आज 'चमत्कारिक माणूस' म्हणजे ज्याच्यापासून चार हात लांब राहावं असा. विशेषणं अशी घसरतात, म्हणून पाटीवर विशेषणापेक्षा नाम बरं असतं.

आता तुमचा उपप्रश्न, जो मला मुख्य प्रश्नाहून जास्त रसाचा वाटतो. रहस्य आणि गूढ.

रहस्य हा शब्द 'रहस्'पासून आला आहे. रहस् म्हणजे एकांत. एकांतात सांगायचं ते रहस्य. म्हणजे या शब्दात दोन माणसं गृहीत आहेत: एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ते सांगितलं जाणार आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला 'रहस्यं ह्येतदुत्तमम्' म्हणतो ते याच अर्थाने. टिळकांचं 'गीतारहस्य' १९१५मध्ये आलं, तेव्हा ते नाव वाचून गीतेत खून कुणी केला असं कुणाच्या मनात आलं नाही. रहस्य म्हणजे मर्म, आतली गोष्ट, ठाऊक असलेल्याने उलगडून दाखवायची.

गूढ वेगळं आहे. धातू 'गुह्', म्हणजे झाकणे, लपवणे. त्याचंच गुहा, त्याचंच गुह्य. गुह्ला भूतकाळवाचक 'त' लागला की ह आणि त मिळून ढ होतो आणि मागचा स्वर लांबतो: गूढ. मुह्चं मूढ आणि रुह्चं रूढ होतं ते याच रीतीने. म्हणजे गूढ हे मुळात विशेषण आहे: झाकलेलं. कोणी झाकलं, कोणाला ठाऊक आहे, ते उघडं होणार की नाही, यातलं काहीच हा शब्द सांगत नाही. कठोपनिषदात आत्मा सर्व भूतांमध्ये 'गूढ' आहे म्हटलंय, आणि तिथे झाकणारा कोणी माणूस नाही.

हा फरक ग्रंथांतच राहिला असं समजू नका, तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. 'त्याच्या यशाचं रहस्य' म्हणा आणि मग 'त्याच्या यशाचं गूढ' म्हणून बघा. पहिल्यात तो पहाटे उठतो, मेहनत करतो, असं काहीतरी उत्तर येणार आहे. दुसऱ्यात बोलणाऱ्याची भुवई वर गेलेली आहे: हा यशस्वी झालाच कसा? तसंच, हसू गूढ असतं, शांतता गूढ असते. 'रहस्य हसू' म्हणता येत नाही, 'रहस्यमय' करावं लागतं. रहस्य ही वस्तू आहे, कुणाकडे तरी असते. गूढ हा गुण आहे, एखाद्या जागेला, चेहऱ्याला, प्रसंगाला तो लागतो.

म्हणून समासही वेगळे पडतात. रहस्यकथा म्हणजे रहस्य असलेली कथा. मधली पदं गाळलेला मध्यमपदलोपी समास. गूढकथा म्हणजे गूढ अशी कथा, कर्मधारय. व्याकरणाच्या तासाला कंटाळलेल्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की रहस्यकथेत रहस्य हे कथेच्या पोटात ठेवलेलं असतं आणि शेवटच्या प्रकरणात ते बाहेर काढून दाखवायचं असतं. खुनी कोण ते कळलं की रहस्य संपलं. (म्हणूनच शेवट फोडणाऱ्या मित्राचा एवढा राग येतो.) गूढकथेत कथाच झाकलेली. पुस्तक मिटल्यावरही ती तशीच राहिली तर चालतं. किंबहुना तशीच राहावी. दुसऱ्यांदा वाचायला घेतली तर रहस्यकथा थोडी ओसरलेली असते, गूढकथा ओसरत नाही.

वर्तमानपत्रं हा भेद पाळत नाहीत, हे मान्य. 'मृत्यूचे गूढ उकलले' हा मथळा आपण नेहमी वाचतो. तिथे गूढ हे नाम झालंय आणि ते उकलतंयही. पण तपास लागेपर्यंत मथळा असतो 'गूढ कायम', 'गूढ वाढले'. 'रहस्य वाढले' असं सहसा कोणी लिहीत नाही. पत्रकारांच्या कानालाही फरक कळतोच.

मराठी वाचकांनी तर हे शब्द लेखकांवरूनच वाटून घेतलेत. रहस्यकथा म्हटलं की हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, भयकथा म्हटलं की नारायण धारप, गूढकथा म्हटलं की रत्नाकर मतकरी. तिघांना एकाच 'रहस्यमय' पाटीखाली बसवणं वाचकालाही चुकीचं वाटेल.

वयाचा मुद्दा राहिला. इथे आपल्या भाषेत जरा गोंधळ आहे. एका जुन्या संस्कृत श्लोकात पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन अशी वाटणी आहे. आज मराठीत कुमारसाहित्य म्हणजे साधारण अकरा-बारा ते पंधरा-सोळा वयाच्या मुलांचं. पौगंडावस्था म्हणजे तर मिसरूड फुटायचा काळ. म्हणजे श्लोकातला कुमार अजून बोबडं बोलतो आणि आपला कुमार आईबापांशी वाद घालतो. श्लोकाप्रमाणे फळी लावली तर दोन वर्षांच्या पोरासमोर खून पडतील. 'कुमार' हा शब्द मराठी साहित्यात आता पक्का रुळला आहे, तोच ठेवा. 'किशोर'ही चालेल.

मोठ्यांच्या फळीला मात्र 'प्रौढ' लिहू नका. 'प्रौढ वाचकांसाठी' म्हटलं की अर्ध्या लोकांना चाळिशी आठवते आणि उरलेल्यांना 'फक्त प्रौढांसाठी' ही सिनेमाच्या जाहिरातीतली ओळ. तो शब्द प्र आणि ऊढ मिळून झालाय. ऊढ हे वह् धातूचं, म्हणजे गूढ, मूढ यांच्याच पंगतीतलं. नात्याने जवळचा असला तरी पाटीवर नको. साधं 'मोठ्यांसाठी' लिहा.

लहान मुलांच्या फळीवर 'रहस्य' हा शब्दच जड होतो. सहा-सात वर्षांचं मूल रहस्य म्हणत नाही, 'गुपित' म्हणतं. 'तुला एक गुपित सांगू?' यात कानाशी आलेलं तोंड दिसतं, आणि रहस्य शब्दाच्या पोटातला तो एकांतही त्यात शाबूत आहे. आणि भीतीसाठी त्या वयाला 'भय' नको, सरळ 'भूत' हवं. भुताची गोष्ट. भूत म्हणजे होऊन गेलेला, त्याचाच भूतकाळ; पण ते मुलांना सांगायची गरज नाही. 'बागुलबुवा' टाळा. तो मराठीत खोटी भीती दाखवण्याशी इतका जोडला गेलाय की मूलच म्हणेल, हा काही खरा नसतो.

मधल्या फळीला 'साहस' हा शब्द विसरू नका. त्या वयातल्या वाचकाला रहस्य नुसतं कळून भागत नाही, त्यामागे धावायचंही असतं. कुणी 'रोमांचक' सुचवलं तर मात्र थांबा. रोमांच म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. भीतीने राहोत वा आनंदाने. पण हल्ली बऱ्याच जणांना त्यात 'रोमँटिक' ऐकू येतं. पाटीवरून पोरं हसतील.

आता शुद्धलेखन. एकटा लिहिताना 'भीती', शेवटची ती दीर्घ. पण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व इकारान्त असल्यामुळे समासात पुढे दुसरं पद आलं की ती ऱ्हस्व होते: भीतिदायक, जसं नीती पण नीतिकथा, कवी पण कविसंमेलन. पहिली 'भी' दोन्हीकडे दीर्घच. लिहिणाऱ्या रंगाऱ्यावर भरवसा नसेल तर 'भयकथा' लिहून मोकळे व्हा, त्यात चुकायला जागाच नाही.

आणि 'डार्क'? बोलण्यात तो शब्द आता मराठीच आहे. 'पुस्तक चांगलंय, पण जरा डार्क आहे' असं आपण सगळेच म्हणतो, आणि त्यात बहुधा भुताखेतांचा संबंध नसतो. मनाला मळभ आणणारं, माणसांबद्दलचा विश्वास ढळवणारं, असं काहीसं सुचवायचं असतं. अशा पुस्तकासाठी मला 'झाकोळलेलं' हा शब्द आवडतो. आभाळ झाकोळतं तेव्हा दिवस असूनही उजेड उणा होतो, तसा. पण तो परीक्षणात शोभेल. फळीवर लावलात तर लोक पुस्तकावरची धूळ पुसायला घेतील.

मी असतो तर एकच मोठी पाटी न करता तीन लहान केल्या असत्या. खालच्या फळीवर 'गुपितांच्या आणि भुतांच्या गोष्टी'. मधल्या फळीवर 'रहस्य आणि साहस (कुमारांसाठी)'. वरच्या फळीवर 'रहस्यकथा, गूढकथा, भयकथा'. तिथे वय लिहायचीही गरज नाही, फळीची उंची ते काम करेल. फक्त खालच्या पाटीची अक्षरं मोठी काढा. तिचे वाचक जोडाक्षरं अजून बोट ठेवून वाचतात, आणि त्या पाटीत 'च्या' दोनदा आणि 'ष्टी' एकदा येतंच.